रुजू आणि कार्यमुक्त

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. दहा हजार तरुण-तरुणींना पाठवायचे ठरले आणि त्या यादीत परिचारिका ठळकपणे होत्या. त्यांना जर्मन शिकवायची जबाबदारी सरकारने स्वतःच्या अंगावर घेतली. पुढे त्यातले प्रत्यक्ष किती गेले हा निराळा विषय आहे. परक्या मुलखात नर्स पाठवायची तर तिला आधी तिथली भाषा यायला हवी, राहायची सोय हवी, पगार आणि मुदत कागदावर हवी, एवढे आपल्या सरकारला चांगले कळते.

मग आपल्याच गडचिरोलीतल्या भामरागडला रुजू होणाऱ्या सिस्टरला माडिया कोण शिकवते? धारणीला कोरकू, धडगावला पावरी? कोणीच नाही. तिच्या हातात नेमणुकीचा आदेश पडतो, त्यावर ‘तात्काळ रुजू व्हावे’ असे लिहिलेले असते आणि पुढचे तिचे तिने बघायचे असते. गरोदर बाईला चक्कर येते का, डोळ्यापुढे अंधारी येते का, पायावर सूज कधीपासून आहे, हे प्रश्न आशाताईमार्फत विचारायचे आणि उत्तरही तिच्याकडूनच ऐकायचे. वर्ष-दीड वर्षात कानाला सवय होते. त्या दरम्यान किती प्रश्न विचारायचे राहून गेले, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते.

‘नर्स खेड्यात जायला तयार नसतात’ हे वाक्य जिल्हा परिषदेच्या सभेत, विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत इतक्या वेळा येते की ते तपासून पाहायची कोणाला गरज वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या प्रश्नावर मार्गदर्शक शिफारशी काढल्या, तेव्हा जगाचे चित्र असे मांडले होते : जगातली जवळपास निम्मी माणसे ग्रामीण भागात राहतात, तिथे परिचारिका मात्र ३८ टक्केच आणि डॉक्टर तर पाव हिश्शाहूनही कमी. म्हणजे जिच्याबद्दल आपण सर्वांत जास्त कुरकुर करतो, ती बाई डॉक्टरपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणात खेड्यात हजर आहे. डॉक्टरची रिकामी खुर्ची बातमी होते. सिस्टरची भरलेली खुर्ची कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण ती खुर्चीवर बसलेली सापडत नाही.

ही सिस्टर म्हणजे एएनएम, सरकारी भाषेत आरोग्य सेविका. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना रुजली आणि पन्नाशीच्या दशकात बाळंतपण नि मातांची काळजी एवढ्यापुरता हा संवर्ग तयार झाला. १९७३ साली कर्तारसिंग समितीने तिला ‘बहुउद्देशीय’ केले. हिवताप, कुटुंबनियोजन, लसीकरण, क्षयरोग असे एकेक काम तिच्या पिशवीत येऊन पडत गेले. गंमत अशी, की कामे वाढत असतानाच १९७७ मध्ये तिचे प्रशिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणले गेले आणि कात्री लागली ती नेमकी सुईणकामाच्या महिन्यांना. अलीकडे अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला आहे. पण मधल्या साडेतीन दशकांत तयार झालेल्या हजारो सिस्टर त्या कमी महिन्यांनिशीच उपकेंद्रांवर उभ्या राहिल्या.

उपकेंद्राचा हिशेब लोकसंख्येवर चालतो. सपाटीवर पाच हजारांना एक, डोंगरी नि आदिवासी भागात तीन हजारांना एक. कागदावर हे उदार वाटते. पण पश्चिम महाराष्ट्रात पाच हजारांचे गाव एका हाकेच्या अंतरात बसते, आणि गडचिरोलीत तीन हजार माणसे गोळा करायला ओढे-नाले ओलांडत पाडे नि टोले जोडत जावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की खुद्द भामरागड तालुक्याचे गावच जगापासून तुटते, तिथे आतल्या पाड्यांची काय कथा! नंदुरबारात सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या वस्त्यांना बोटीतून लस जाते. लोकसंख्येच्या कोष्टकात अंतर नावाचा रकानाच नाही.

लसीकरणाचा एक दिवस जवळून पाहिला तर हा रकाना दिसू लागतो. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीतून लस निघते. त्याआधी आईसपॅक बाहेर काढून ठेवायचे. गोठलेला पॅक थेट कॅरियरमध्ये घातला तर पेंटा, टीडी या लसी गोठून निकामी होतात. म्हणून पॅक कानाजवळ नेऊन हलवायचा. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की तो तयार. असे चार पॅक, मध्ये कुप्या, आणि तापमान दोन ते आठ अंशांच्या दरम्यान. हा डबा खांद्याला लावून, गाडी जाईल तिथवर गाडीने आणि पुढे पायी, पाड्यावर पोचायचे. आशाताईने बाया-पोरांना गोळा करून ठेवलेले असते, किंवा पेरणी चालू असल्याने कोणीच नसते. एकच बाळ बीसीजीचे निघाले तरी कुपी फोडायची, आणि एकदा द्रावण मिसळले की ती चार तासांत संपवायची. उरलेली फेकून द्यायची. एका बाळासाठीसुद्धा कुपी उघडा असे धोरण आहे. महिन्याच्या बैठकीत डोस वाया का गेले याचे उत्तरही सिस्टरनेच द्यायचे असते.

सुया टोचून झाल्या की बाळांना अर्धा तास थांबवायचे. तेवढ्यात गरोदर बायांची वजने, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या. तापाचा रुग्ण असेल तर बोटाला टोचून हिवतापाची चाचणी. मग कार्डे भरायची. उरलेल्या कुप्या संध्याकाळच्या आत केंद्रावर परत. आणि हे सगळे संपल्यावर खरी नोकरी सुरू होते : आरसीएचची नोंदवही, यू-विन, असंसर्गजन्य आजारांचे पोर्टल, क्षयाचे निक्षय, आणखी एखादा नवा आलेला ॲप. पाड्यावर रेंज नसते, म्हणून नोंदी वहीत करायच्या आणि रेंज येते त्या टेकाडावर किंवा घरी आल्यावर रात्री मोबाईलवर चढवायच्या. जे काम ॲपवर दिसत नाही ते झालेच नाही असे वरचे साहेब मानतात. त्यामुळे एकच काम दोनदा करण्यात तिची संध्याकाळ जाते.

रात्रीचे बाळंतपण हा याहून वेगळा मामला. सिस्टरला एकवीस दिवसांचे विशेष प्रसूती प्रशिक्षण मिळालेले असते. बाळ बाहेर आल्यावर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन कधी द्यायचे, झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस कसा द्यायचा, हे तिला येते आणि तसे करायचा अधिकारही आहे. अडते ते पुढे. रुग्णवाहिकेच्या १०८ ला फोन लागला पाहिजे, गाडी आली पाहिजे, वाटेत नाला उतरलेला पाहिजे. म्हणूनच आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ सुरू झाले. दिवस भरत आलेल्या बाईने चार-पाच दिवस आधी येऊन राहायचे. कल्पना उत्तम. पण घरी लहान पोरे, शेळ्या आणि मोहाचा हंगाम टाकून बाई येत नाही, तेव्हा तिची समजूत घालायला पुन्हा सिस्टरच जाते, आणि समजूत घालायला भाषा लागते.

आता तिच्या राहण्याचे. ‘मुख्यालयी राहणे’ ही आपल्या ग्रामीण कारभारातली जुनी, खरे तर भांडणाची बाब आहे. उपकेंद्राच्या इमारतीला लागून क्वार्टर असते. पुष्कळ ठिकाणी त्याचे छत गळते, नळाला पाणी नसते, शौचालयाचे दार निखळलेले असते. गावापासून दूर, मिळाली त्या सरकारी जागेवर बांधलेल्या या इमारतीत एकट्या बाईने रात्र काढायची. रात्री कोणी दार वाजवले तर ते बाळंतिणीचे माणूस आहे की दारू पिऊन आलेला गावगुंड, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही. आणि दार न उघडणे म्हणजे कर्तव्यात कसूर. अदिती अय्यर आणि अमर जेसानी यांनी नव्वदच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रातल्या एएनएमच्या कामाचा अभ्यास केला होता. कुटुंबनियोजनाच्या केसेसचे टार्गेट, एकटेपणा आणि लैंगिक छळाचे सावट हे त्यात स्पष्ट आले होते. टार्गेटची पद्धत १९९६ मध्ये अधिकृतपणे गेली. बाकीच्या दोन गोष्टी काढून टाकायला कुठला अध्यादेश लागतो कोण जाणे.

सिस्टर तालुक्याच्या गावी राहून ये-जा करते, याचा राग गावाला येतो आणि तो चुकीचाही नाही. रात्री साप चावला तर उपकेंद्राला कुलूप असते. या रागावर सरकारला सुचलेला उपाय म्हणजे हजेरी. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात हा उपाय अगदी शास्त्रोक्त पद्धतीने करून झालेला आहे, म्हणून त्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. तिथल्या पाहणीत उपकेंद्रे कामाच्या वेळेत निम्म्याहून अधिक वेळा बंद आढळली होती. मग सेवा मंदिर ही संस्था, जिल्ह्याचे आरोग्य प्रशासन आणि पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्तेर डुफ्लो यांनी रेचेल ग्लेनरस्टर यांच्यासह २००६ मध्ये एक प्रयोग केला. नर्सने दिवसातून ठरावीक वेळा तारीख-वेळ उमटवणाऱ्या यंत्रावर शिक्का मारायचा. गैरहजेरी ठरावीक मर्यादेबाहेर गेली की पगार कापायचा. पहिल्या काही महिन्यांत हजेरी जवळपास दुप्पट झाली. सगळे खूश. मग हळूहळू ‘सूट दिलेले दिवस’ वाढू लागले. आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा यंत्र बिघडले. सूट देणारे आरोग्य खात्याचेच लोक. सोळा महिन्यांनी पाहिले तर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या उपकेंद्रांच्या हजेरीत काही फरक उरला नव्हता.

या प्रयोगाचा अर्थ अनेकांनी ‘सरकारी नोकर सुधारत नाहीत’ असा लावला. मला तो पटत नाही. ज्या बाईचे निम्मे काम पाड्यांवर फिरून करायचे आहे तिला इमारतीत शिक्का मारायला लावणे, हीच मुळात दुकानाच्या नोकराची हजेरी होती. आणि खात्याने सूट दिली ती केवळ लबाडी म्हणून नसणार. त्याच बायकांकडून त्याच आठवड्यात दहा इतर कामे करून घ्यायची होती. आता आपल्याकडेही मोबाईलवर हजेरीचा आग्रह आहे. उदयपूर फार लांब नाही.

दुसरा लाडका उपाय पैशांचा. महाराष्ट्रात आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांसाठी ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय आहे. त्याने ‘एकस्तर’ म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी दिली आणि मूळ वेतनाच्या पंधरा टक्के प्रोत्साहन भत्ता दिला. मात्र कमाल दरमहा दीड हजार रुपये. २००२ साली दीड हजार रुपयांना काही वजन होते. छत्तीसगडने ‘रुरल मेडिकल कोअर’ करून अवघड भागांची प्रतवारी ठरवली आणि त्यानुसार डॉक्टरांबरोबर नर्स नि एएनएम यांनाही जादा पैसे द्यायला सुरुवात केली, हे त्यापेक्षा शहाणपणाचे. पैसा नको असे म्हणणारी सिस्टर भेटायची नाही, पण केवळ पैशासाठी राहिलेलीही क्वचितच. नवऱ्याची नोकरी नागपुरात, मुलगी सहावीत, सासू आजारी. या गणितात दीड हजार रुपये कुठे बसवायचे?

तिला हवी असते ती एक तारीख. सरकारी नोकरांच्या बदल्यांसाठी राज्यात २००५ चा कायदा आहे, त्यात एका जागी साधारण तीन वर्षे हा काळ धरलेला आहे. जिल्हा परिषदेच्या बदल्यांना स्वतंत्र धोरण आणि अवघड क्षेत्राची यादी आहे. विनंती बदली आहे, पती-पत्नी एकत्रीकरण आहे, आपसी बदली आहे. नियमांची कमतरता अजिबात नाही. पण आपसी बदलीला समोरून कोणी यायला तयार असावे लागते, आणि भामरागडला आपसी कोण येणार? समजा बदलीचा आदेश निघाला, तर त्याच्या तळाशी एक ओळ असते : पर्यायी कर्मचारी रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नये. पर्यायी कर्मचारी आदेश घेतो, वैद्यकीय रजा टाकतो, ओळखीपाळखीने आदेश बदलून आणतो. इकडे सिस्टर बांधाबांध करून वाट पाहते. अवघड जागी जो मुकाट्याने गेला तोच तिथे अडकतो, हे एकदा सगळ्या संवर्गाने पाहिले की पुढच्या वर्षी मुकाट्याने कोणी जात नाही. नव्या मुली रुजू व्हायच्या आधीच आदेश बदलायच्या मागे लागतात, आणि त्याला आपण ‘ग्रामीण भागाची अनास्था’ म्हणतो. अवघड भागातली नेमणूक ही शिक्षा म्हणूनही वापरली जाते. जिथे चुकार नोकराला शिक्षा म्हणून धाडतात, तिथेच होतकरू नोकराला सेवा म्हणून बोलवायचे, हे दोन्ही एकाच वेळी जमायचे नाही.

यावर एक जुने नि सरळ उत्तर सांगितले जाते : तिथलीच मुलगी घ्या. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले तेव्हा त्यांचाही विचार गावोगाव एएनएम ठेवण्याचा होता. बाहेरून आलेल्या तरुण, एकट्या मुली खेड्यात टिकेनात. मग गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, वयाने पोक्त बायकांना त्यांनी शिकवले आणि जामखेड जगाच्या नकाशावर आले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी, अगदी जंतुसंसर्गावरचे इंजेक्शनसुद्धा, शिकवले; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. दोन्ही कामांबद्दल महाराष्ट्राला रास्त अभिमान आहे. पण त्यातून सरकारने जो सोयीचा धडा घेतला तो असा, की गावातली बाई स्वस्तात मिळते. जामखेडच्या गावकरी आरोग्य सेविकेमागे फिरते पथक असे, त्यात नर्स असे, आणि ती नियमाने येत असे. ती पाठीमागची साखळी काढून नुसती पुढची कडी उचलली की आशाताईच्या मानधनाचे आंदोलन तेवढे उरते.

स्थानिक मुलगी घ्यायची तर तिला पूर्ण नर्स करा, पूर्ण पगारावर. बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने तेच केले. आसपासच्या आदिवासी मुलींसाठी निवासी नर्सिंग शाळा काढली, आपल्याच रुग्णालयात शिकवले. महाराष्ट्रातही दार उघडले होते. २०१४ पासून राज्यपालांच्या अधिसूचनांनी पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातली सतरा संवर्गांची पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखली, त्यात आरोग्य सेविकाही होती. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, भरती अडकली, निवड झालेल्या मुला-मुलींना २०२४ मध्ये रस्त्यावर उतरावे लागले आणि शेवटी मानधनावर नेमणुका देऊन वेळ मारून नेली गेली. याच सुमारास एएनएमला लागणारी पात्रता दहावीवरून बारावीवर गेली. बी.एस्सी. नर्सिंगला तर विज्ञान शाखाच लागते, आणि आश्रमशाळांतून अकरावी-बारावी विज्ञान किती ठिकाणी नीट चालते हे आदिवासी विकास विभागालाच विचारावे. पात्रता वाढवणे चूक नव्हते. तिथवर पोचायची पायरी बांधायची राहिली.

आणखी एक गाठ आहे, कंत्राटाची. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, उपकेंद्रावर दुसरी एएनएम कंत्राटी आली. २०१८ नंतर उपकेंद्राचे आरोग्यवर्धिनी केंद्र झाले, हल्ली आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथे सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आला. आपल्याकडे तो बहुधा बीएएमएस, काही ठिकाणी नर्सिंगचा. पंचवीस हजार अधिक कामगिरीवर पंधरा हजारांपर्यंत, असे त्याचे मानधन. पंधरा वर्षे त्याच उपकेंद्रावर असलेली कंत्राटी सिस्टर, जिला प्रत्येक घरातली सून नावाने ठाऊक आहे, ती कालच्या पदवीधराच्या हाताखाली त्याच्याहून कमी पैशात काम करते. या कंत्राटी कर्मचाऱ्यांचा संप २०२३ मध्ये झाला. दहा वर्षे झालेल्यांना सेवेत सामावण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला. त्याच निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. खेड्यात राहायला तयार असलेल्या, राहून दाखवलेल्या नर्स सरकारच्या दारात उभ्या आहेत आणि सरकार खेड्यात जायला नर्स मिळत नाहीत म्हणून सांगते, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अजब वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी २०२१ मध्ये सुधारून पुन्हा दिल्या. त्यांचा रोख एवढाच, की शिक्षण, नियम, पैसा आणि पाठबळ या गोष्टी सुट्या-सुट्या केल्या तर फळ मिळत नाही, एकत्र कराव्या लागतात. आपण एकेक करून पाहिली, आणि तीही अर्धी.

माझ्या मते सुरुवात बिनखर्चाच्या गोष्टीपासून करावी. अवघड क्षेत्रातल्या रुजू आदेशावरच कार्यमुक्तीची तारीख छापावी आणि पर्यायी कर्मचाऱ्याची ती अट रद्द करावी. बदली माणूस शोधणे हे खात्याचे काम आहे, सिस्टरचे नव्हे. एका उपकेंद्रावर दोघींनी राहायचे, एकटीने नाही, असा नियम करावा. पहिले तीन महिने तालुक्याच्या ठिकाणी पगारी भाषावर्ग घ्यावा. माडिया, कोरकू, पावरी बोलणारे शिक्षक आपल्याच आश्रमशाळांत आहेत.

उरलेले गावाच्या हातात आहे. कर्मचारी मुख्यालयी राहतो, असा ग्रामसभेचा ठराव घरभाड्यासाठी लागतो, हे आपल्यापैकी गावाकडच्या वाचकांना माहीत असेल. उपकेंद्राला अबंधित निधी येतो, आणि ग्राम आरोग्य समितीला वर्षाला दहा हजार रुपये निराळे मिळतात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तेव्हा पुढच्या ग्रामसभेला सिस्टर राहते का हा ठराव घ्यायच्या आधी दुसरा घ्या : क्वार्टरला पाणी आहे, दाराला कडी आहे, बाहेर दिवा आहे, आणि रात्री हाक मारली तर येतील अशी शेजारची दोन घरे नेमलेली आहेत. तो खरा करून दाखवा, मग पहिला विचारा.